बिनवासाच्या दाण्यात लपलेला वास

आमचं बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शेत काही फार मोठं नाही, पण त्यातला एक तुकडा आप्पांनी कायम बासमतीसाठी राखून ठेवलाय. बाकी सगळीकडं आता जास्त उतारा देणाऱ्या जाती, त्या तुकड्यात मात्र आपला जुना बेळगाव बासमती. पिकतो कमी, पावसानं लोळतो, पण शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं. बियाणं घरचंच. सुगीच्या आधी आप्पा त्या तुकड्यात एकटेच फिरतात आणि जे रोप वेगळं दिसेल ते उपटून बांधावर टाकतात, भेसळ म्हणून.

चार वर्षांमागं असंच एक रोप त्यांनी उपटलं, पानं जरा रुंद, लोंबी वेगळी, आणि मी ती लोंबी घरी आणली. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम, दहावीला आनुवंशिकता दरवर्षी असतेच. मेंडेल, वाटाणा, तीनास एक, पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क पडतात, आणि मला कायम वाटायचं की हे ह्यांना कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही हे आतून कळलं ते त्या लोंबीनंच.

झालं असं की आम्ही दोघं पडवीत बसून एकेक दाणा नखानं सोलून चावून बघत होतो. कच्चा दाणा चावला तरी वासाचा असला तर कळतो, आप्पांना तर लगेच. पहिला बिनवासाचा, दुसरा बिनवासाचा, तिसरा पण, आप्पा म्हणाले भेसळच आहे टाक आता, आणि चौथ्या-पाचव्याला ते थांबले, परत चावलं, आणि म्हणाले, "ह्यात हाय की गं." एकाच रोपाच्या एकाच लोंबीवर काही दाणे वासाचे आणि काही बिनवासाचे! आम्ही ४८ दाणे चावले, त्यातले १३ वासाचे निघाले. दोन-तीन दाण्यांवर आमचं एकमत होईना, ते मोजलेच नाहीत.

४८ चा पाव हिस्सा १२. आमचे १३.

आता हे का होतं ते सांगते, कारण पुढं मला जे सांगायचंय त्याचा पाया हाच आहे.

आपल्या शरीरात काय किंवा भाताच्या रोपात काय, प्रत्येक जनुकाच्या साधारण दोन प्रती असतात, एक आईकडनं एक बापाकडनं. त्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही, एकाच जनुकाची जी वेगवेगळी रूपं असतात त्यांना अलील म्हणायचं. बस्स, अलील शब्दाला घाबरण्यासारखं एवढंच आहे. भाताच्या वासाचं जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे आणि गंमत म्हणजे ते वास तयार करणारं जनुक नाहीच. ते एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रथिन, बनवतं, ते एन्झाइम एका रसायनाचा निचरा करत राहतं. हे जनुक बिघडलं, म्हणजे बहुतेक सुवासिक जातींत त्यातली डीएनएची ८ अक्षरं गळालेली असतात, २००५ साली हे सापडलं, तर एन्झाइम चालत नाही, निचरा होत नाही, ते रसायन साचतं आणि त्यातनं टू-असिटिल-वन-पायरोलिन नावाचा पदार्थ तयार होतो. तोच तो वास. बासमतीचं पान म्हणून जे रोप लोक दारात कुंडीत लावतात त्यातही हाच पदार्थ.

म्हणजे ज्या वासाचं आपण इतकं कौतुक करतो तो एका बंद पडलेल्या जनुकाचा वास आहे.

आता समजा एका दाण्यात एक प्रत चालू आणि एक बंद. चालू प्रत एकटीच लागेल तेवढं एन्झाइम बनवते, निचरा होतो, वास येत नाही. बंद प्रत आहे, शाबूत आहे, पुढच्या पिढीत जाणार आहे, पण दिसत नाही. ही दिसत नाही ती अप्रभावी, आणि जी दिसते ती प्रभावी. दोन्ही प्रती बंद असल्या तरच वास. प्रभावी अलील दुसऱ्याला दाबतं, हरवतं, गप्प बसवतं असं आम्ही शिकवतो, मी पण वर्षानुवर्षं असंच शिकवलं, आणि ते बरोबर नाही. कुणी कुणाला दाबत नाही. एका चालू प्रतीनं भागतं, एवढंच. घरात दोन मिक्सर आहेत आणि एक बंद आहे, चटणी तरीही होते, पाहुण्याला कळत पण नाही की एक बंद आहे म्हणून.

मग आप्पांच्या त्या रोपाचं काय झालं होतं? भात बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतो, पण एखादा दाणा शेजारच्या बांधावरनं आलेल्या परागानं पण धरतो. आदल्या वर्षी तसा एक दाणा धरला असणार, आई बासमती आणि बाप शेजारचा बिनवासाचा. तो दाणा बियाण्यात आला, त्याचं रोप झालं, एक प्रत चालू एक बंद. त्या रोपानं स्वतःलाच फळवलं, तर प्रत्येक दाण्याला दोन्हीकडनं चालू किंवा बंद, नाणं उडवल्यासारखं. चालू-चालू, चालू-बंद, बंद-चालू, बंद-बंद. चारात एक वासाचा. आणि लक्षात घ्या, दाणा हा त्या रोपाचा भाग वाटतो पण दाणा म्हणजे रोपाचं पोर. म्हणून एका लोंबीवर दोन जातीचे दाणे, जसे एका आईची दोन पोरं.

मेंडेलला वाटाण्याच्या शेंगेत हेच दिसलं होतं. ब्रनो शहरातल्या मठातला साधू, आज ते गाव चेक प्रजासत्ताकात येतं, १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्यानं वाटाणे लावले आणि मोजले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे गोल, सुरकुत्या गायब. दुसऱ्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. ह्या आधी लोकांना वाटायचं की आईबापाचं रक्त दुधात पाणी मिसळावं तसं मिसळतं, आणि मिसळलेलं परत वेगळं कसं होणार? त्यानं दाखवलं की मिसळत नाही, आत तसंच राहतं.

पण मला त्याचं सगळ्यात आवडतं ते पुढचं काम, जे शाळेत घाईत जातं. त्यानं दुसऱ्या पिढीतल्या गोल दाण्यांतनं वाढवलेली ५६५ रोपं परत तपासली. दिसायला सगळे दाणे सारखेच गोल. त्यातल्या १९३ रोपांनी फक्त गोल दिले, आणि ३७२ रोपांनी गोल पण दिले आणि सुरकुतलेले पण. म्हणजे दिसायला निरोगी, धड, गोल असलेल्या तिघांतले दोघं आत दुसरी प्रत घेऊन बसलेले. हे तिघांतले दोघं डोक्यात ठेवा, परत येणार आहे.

(त्याचा हा निबंध १८६६ ला छापून आला आणि ३४ वर्षं कुणी विशेष विचारलं नाही. १९०० साली तिघा शास्त्रज्ञांना आपापल्या कामातनं तेच सापडलं, तेव्हा मेंडेल जाऊन १६ वर्षं झाली होती. मला हे वर्गात सांगताना अजून घशाशी येतं.)

आपल्याकडं खानापूर भागात इंद्रायणी खूप लावतात, तो पण ह्याच हिशोबातनं आलेला आहे. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातनं वडगाव मावळच्या केंद्रानं १९८७ ला तो आणला. आंबेमोहर उंच आणि वासाचा, आयआर ८ बुटका आणि बिनवासाचा, आणि बुटकेपणाची प्रत पण अप्रभावी. म्हणजे पहिल्या पिढीत नियमानं काय मिळणार? उंच आणि बिनवासाचं, शेतकऱ्याला दोन्हीकडनं नको असलेलं. तिथंच कुणी कंटाळून थांबलं असतं तर संपलं होतं. दुसऱ्या पिढीत सोळात एक असं निघतं की बुटकं पण आणि वासाचं पण, कारण चारात एक आणि त्याचं परत चारात एक. पहिल्या पिढीकडं बघून निराश न होता पुढची पेरायची, हे त्या लोकांना मेंडेलनंच शिकवलं.

तर हे सगळं भाताचं. आता माणसांचं.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर. आमच्याकडं मामाची मुलगी करायची पद्धत आहे हे ह्या भागातल्या कुणाला सांगायला नको, मराठी घरात पण आणि कन्नड घरात पण, कन्नड घरात तर मामानं भाचीशीच केलेली लग्नं पण बघितलीत मी. माझी मामेबहीण तिच्या आत्याच्या घरात दिली, म्हणजे माझ्या मावशीच्या मुलाला. मावशी तिची आत्या आणि सासू दोन्ही. घरातली पोरगी घरात राहिली म्हणून सगळे खूश. पहिली मुलगी झाली, छान, गुटगुटीत. मग मुलगा झाला आणि सातव्या-आठव्या महिन्यात तो पांढरा पडायला लागला. दूध घेईना, किरकिर, पोट वर आलेलं. एका ठिकाणी टॉनिक दिलं, दुसऱ्या ठिकाणी जंताचं औषध, असे दोन महिने गेले. मग कुणीतरी रक्त नीट तपासायला सांगितलं. बीटा थॅलसेमिया मेजर, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट बनतच नाही असा आनुवंशिक आजार.

हिमोग्लोबिनचे जे दोन तऱ्हेचे धागे असतात त्यातला बीटा धागा बनवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं, त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. पोटात असताना आणि पहिले काही महिने बाळ वेगळ्या हिमोग्लोबिनवर चालतं, त्यात बीटा लागत नाही, म्हणून जन्मतः काही कळत नाही. ते संपत आलं की मग. तेव्हापासनं त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात, आणि त्या रक्तातनं लोह साचतं म्हणून ते काढायचं औषध रोज.

आणि घरात काय सुरू झालं ते लिहिते, कारण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय. मावशी म्हणायला लागली, "आमच्यात असलं काय न्हवतं कुणाला, हे तिच्या आईकडनं आलंय." तिच्या आईकडनं म्हणजे मामीकडनं. मामी बाहेरची, चंदगडकडची, त्यामुळं तिच्यावर ढकलणं सोपं. मामेबहीण रात्री फोन करून रडायची, म्हणायची, "अक्का, माझ्यातच खोट आहे का गं?" तिचा नवरा काही बोलायचा नाही, आणि काही न बोलणं हेही बोलणंच असतं.

मी एका रविवारी गेले. मावशीला म्हटलं, मावशी तू बस इथं, ताट दे एक आणि दोन वाट्या. एका वाटीत दोन दाणे टाकले, एक तांदळाचा, एक मसुरीचा. दुसऱ्या वाटीत तसेच दोन. म्हटलं ही वाटी तुझा मुलगा, ही सून. तांदूळ म्हणजे चालणारी प्रत, मसूर म्हणजे बिघडलेली. आता डोळे मिटून ह्यातनं एक उचल आणि ह्यातनं एक, आणि ताटात ठेव. ती ठेवायची, मी वहीत लिहायचे, दाणे परत वाटीत. तांदूळ-तांदूळ, तांदूळ-मसूर, परत तांदूळ-मसूर. सहाव्या खेपेला दोन्ही मसूर आले. मावशी ताटाकडं बघत बसली. मी म्हटलं, आता सांग, ह्या दोन मसुरीतली एक तुझ्या मुलाच्या वाटीतनं आली की नाही? नुसत्या सुनेच्या वाटीत मसूर असती आणि मुलाच्या वाटीत दोन्ही तांदूळ असते, तर ह्या ताटात दोन मसुरी कधी आल्या असत्या? शंभर वेळा उचललं असतं तरी?

ती म्हणाली, "पण पहिली पोरगी चांगली हाय की." म्हटलं चांगली आहे, पण तिच्या ताटात तांदूळ-तांदूळ आहे का तांदूळ-मसूर ते बघून कळतंय का तुला? तिघांतले दोघं, मेंडेलचे तेच. आजारी भावंडाचं जे निरोगी भावंड असतं त्याच्या आत ती प्रत लपलेली असण्याची शक्यता तीनात दोन.

आणि एक गैरसमज मी तिथंच काढला, तो इथं पण लिहिते कारण शिकलेल्या लोकांना पण असतो. चारात एक म्हणजे एक आजारी झालं आता पुढची तीन चांगली होणार असं नाही. वाट्या दरवेळी परत भरतात. प्रत्येक बाळंतपणाला नव्यानं चारात एक. काही घरांत दोन लागोपाठ होतात, काही घरांत चार मुलं होऊन एकही नाही, आणि त्या घराला वाटतं आपल्यात काही नाहीच.

मग सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, ते मात्र सोपं नव्हतं, मामा तर दोन महिने तयारच होत नव्हते. तपासणी म्हणजे हाताचं रक्त, त्यात हिमोग्लोबिनचा एक उपप्रकार बघतात, एचबी ए-टू, तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की ती व्यक्ती वाहक असण्याची दाट शक्यता. वाहक म्हणजे एक प्रत चालू, एक बिघडलेली, स्वतः आजारी नाही. मामेबहीण वाहक, तिचा नवरा वाहक, हे ठरलेलंच होतं. मामा वाहक. मामी नाही, अजिबात नाही. आणि मावशी वाहक.

म्हणजे ते आमच्याच आजीकडनं किंवा आजोबांकडनं आलं. दोघंही आता नाहीत, कुणाकडनं ते कळायचा मार्ग पण नाही, आणि कळून करायचं काय. दोन पिढ्या ती प्रत गप्प चालत आली, एका फांदीनं मामाकडं, एका फांदीनं मावशीकडं, आणि आम्ही त्या दोन फांद्या परत एकत्र बांधल्या. मावशी मामीला काही बोलली नाही त्या दिवशी. नंतर एकदा गौरीला साडी घेऊन गेली तिच्याकडं.

मी पण तपासून घेतलं, आईची शक्यता होती म्हणजे माझी पण होती. एचबी ए-टू ५.४. मी वाहक. कॉलेजपासनं माझं हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, प्रत्येकानं लोहाच्या गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे खा म्हणाले, दोन्ही बाळंतपणांत तेच, आणि ते कधी वर आलं नाही. कारण लोह कमी नव्हतंच, नंतर तपासलं तेव्हा पुरेसं होतं. माझ्या तांबड्या पेशी आकारानं लहान आणि संख्येनं भरपूर, हे प्रत्येक रिपोर्टात छापलेलं होतं. लोहाच्या गोळ्या घेऊन पण ज्यांचं हिमोग्लोबिन हलत नाही त्यांनी डॉक्टरांना ह्याबद्दल विचारा, मी हात जोडून सांगते.

आणि बघा, मी आजारी नाही पण अगदी दुसऱ्यांसारखी पण नाही. अप्रभावी म्हणजे काहीच परिणाम नाही असं नाही, तुम्ही कुठं बघता त्यावर आहे. आजार बघितला तर बिघडलेली प्रत अप्रभावी. पेशीचा आकार बघितला तर अर्धी दिसतेच. मेंडेलच्या वाटाण्यात पण तसंच आहे, एक प्रत गोलाची एक सुरकुतीची असलेला दाणा बाहेरून गोल, पण आतल्या पिठाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तर मधलेच. प्रभावी-अप्रभावी हा जनुकाचा स्वभाव नसून दोन प्रतींमधलं नातं आहे, आणि ते पण आपण ज्या खिडकीतनं बघतो त्या खिडकीपुरतं.

आता नात्यातल्या लग्नाचं, कारण हे वाचून कुणी म्हणेल सगळं नात्यातल्या लग्नानं झालं आणि कुणी म्हणेल आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या मामाची मुलगी करतात, काही झालं नाही. दोन्ही पूर्ण खरं नाही. हिशोब करू. आजोबा वाहक धरा. त्यांच्या प्रत्येक मुलाकडं ती प्रत जायची शक्यता अर्धी, प्रत्येक नातवंडाकडं पाव. मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा, दोघंही वाहक असण्याची शक्यता पाव गुणिले पाव, सोळात एक, आणि मग मूल आजारी होण्याची त्याची चारात एक, म्हणजे ६४ त एक. तीच नात बाहेरच्या मुलाशी लग्न करते, भारतात बीटा थॅलसेमियाचे वाहक शंभरात तीन-चार धरतात, म्हणजे ३० त एक धरला, तर पाव गुणिले तिसावा हिस्सा गुणिले पाव, ४८० त एक. ६४ आणि ४८०. म्हणजे ६४ मधली ६३ चांगली होतात म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही, आणि तरीही धोका सातपटीहून जास्त. मामा-भाचीच्या लग्नात तर आणखी वाढतो. आणि हे एका जनुकाचं झालं, अशी अप्रभावी बिघाडांची जनुकं पुष्कळ आहेत, जन्मतः बहिरेपणाची तर कितीतरी. मी कुणाचं ठरलेलं लग्न मोडायला सांगत नाही. रक्त तपासा, एवढंच. बाहेरचं स्थळ असलं तरी तपासा, कारण ४८० त एक म्हणजे शून्य नाही.

वर्गात मी आता हे सगळं सांगते, घरचं म्हणून नाही पण सांगते. गेल्या वर्षी एक मुलगी तास संपल्यावर थांबली, सगळे गेल्यावर म्हणाली, "टीचर, माझं ब्लड ग्रुप ओ आहे, पप्पांचं ए आणि मम्मीचं बी, असं कसं?" तिच्या चेहऱ्यावरनं कळत होतं की हा प्रश्न तिच्या घरात कुणीतरी वेगळ्याच अर्थानं विचारलाय. मी फळ्यावर काढून दाखवलं. ए प्रत एका साखरेचा तुकडा पेशीवर चिकटवते, बी प्रत दुसऱ्या साखरेचा, आणि ओ प्रतीत बहुतेक वेळा एक अक्षर गळालेलं असतं म्हणून ती काहीच चिकटवत नाही. पप्पा ए-ओ, मम्मी बी-ओ, तुझ्याकडं दोघांची ओ आली. चारात एक. ती जेवढ्या मोठ्यानं हसली तेवढी मी तिला वर्षभरात हसताना बघितलं नव्हतं. आणि ओ अप्रभावी असून जगात सगळ्यात जास्त लोकांचा गट ओ आहे, म्हणजे अप्रभावी म्हणजे दुर्मिळ असं नाही. सहावं बोट बऱ्याचदा प्रभावी प्रतीनं येतं आणि तरी किती जणांना असतं?

ह्यात पण अपवाद आहेत. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रक्तगट शोधला की तपासणीत ओ दिसतो पण ओ नाही, त्याला बाँबे ब्लड ग्रुपच म्हणतात. ए आणि बीची साखर ज्या पायावर चिकटते तो पायाच त्यांच्यात नसतो, त्या पायाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद, मग आत ए असो का बी, चिकटणार कुठं. अशा घरात एबी असलेल्या आईला ओ दिसणारं मूल होऊ शकतं. म्हणून नुसत्या रक्तगटाच्या कार्डावरनं कुणी कुणाच्या बायकोवर संशय घेऊ नये.

घारे डोळे, जीभ गोल करणं, कानाची पाळी चिकटलेली का सुटी, ही उदाहरणं मात्र मी आता देत नाही. पुस्तकांत असतात, पोरांना मजा येते, पण ती एका जनुकाची, दोन अलीलची सरळ गोष्ट नाही, जुळ्या भावांत एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची वळत नाही असं पण सापडलंय. आणि एखादं पोरगं घरी जाऊन आईबापाच्या कानाच्या पाळ्या बघून नसता विचार करत बसतं. रंगाचं तर बोलूच नये, त्यात कितीतरी जनुकं आहेत, बारशाला जमलेल्या बायका बाळाचा रंग कुणावर गेला म्हणून जो वाद घालतात त्याला मेंडेलचा आधार नाही.

मामेभावाचं लग्न ह्या मे महिन्यात ठरलंय, मुलगी निपाणीची. तो पण वाहक निघाला. आमच्यातल्या काहींनी सांगितलं की लग्न होईपर्यंत बोलू नका, स्थळ जाईल. त्यानं ऐकलं नाही, स्वतः जाऊन मुलीच्या वडलांना सांगितलं, कागद दाखवला, मुलीची तपासणी करायला विनंती केली. ते आधी गप्प झाले, मग आठ दिवसांनी फोन आला. तिचं एचबी ए-टू २.७. म्हणजे ह्यांच्या मुलांत कुणाला हा आजार होण्याची शक्यता जवळपास नाहीच, निम्मी वाहक असतील कदाचित.

आजोळच्या घरी आजोबांची एक जुनी जाड वही आहे, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, त्यात त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा जन्म लिहून ठेवलाय, तिथी, वार, वेळ. मागच्या महिन्यात मामांनी ती काढली आणि निळ्या पेनानं एकेका नावापुढं लिहायला बसले. स्वतःच्या नावापुढं वाहक. मावशीच्या नावापुढं वाहक. मामीच्या नावापुढं नाही. मामेबहिणीच्या मोठ्या मुलीच्या नावापुढं वाहक, तिची तपासणी झालीय. माझ्या नावापुढं मी लिहिलं. माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्याची तपासणी अजून केलेली नाही, त्याच्या नावापुढं मामांनी पेन टेकवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मामा, जागा सोडून ठेवा.